फातोर्डा विकायचं तर किंमत कशाची लावणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडची फुटबॉल संघटना २०१८ साली वेंबलीसारखं राष्ट्रीय स्टेडियम खासगी मालकाला विकायला तयार झाली होती. मग गोवा सरकारने मडगावातल्या फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम पदरचे पैसे घालून का सांभाळावं? एखाद्या क्लबला किंवा उद्योगपतीला विकावं, आणि आलेल्या पैशांतून गावोगावी मैदानं करावीत. विकलं तर साधारण किती येतील, असंही तुम्ही विचारलं आहे.

मी फोंड्यात मिळकतींचं मूल्यांकन करते. बँका, देवस्थानं, क्लब, सहकारी संस्था यांच्या जमिनींची आणि इमारतींची किंमत ठरवणं हे माझं रोजचं काम, आणि त्यात खेळाच्या मैदानांची प्रकरणंही आली आहेत. तरीही तुम्हाला मी आकडा देणार नाही. स्टेडियम नुसतं पाहून त्याची किंमत निघत नाही. खरेदीदाराने पुढे काय करायचं नाही, हे खरेदीखतात जसं लिहिलेलं असेल, तशी किंमत निघते. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेते: फातोर्ड्याबाबत आपण मालकाला काय काय मनाई करणार आहोत, आणि तेवढी मनाई केल्यावर विकण्यासारखं काही उरतं का?

आमच्या कामात किंमत काढायच्या तीन वाटा असतात. आसपास तशीच मिळकत कितीला गेली ते पाहणं ही पहिली. दुसरी, आज तीच वास्तू बांधायला किती लागेल ते काढून त्यातून झीज वजा करणं. आणि तिसरी, ती मिळकत दरवर्षी हातात किती उत्पन्न ठेवते त्यावरून मागे जाणं. स्टेडियमला पहिली वाट बंद, कारण तसं दुसरं स्टेडियम गोव्यात कधी विकलंच गेलेलं नाही. दुसऱ्या वाटेने भलामोठा आकडा येतो, पण तो विम्याला उपयोगी. खरेदीदार त्याच्याकडे बघत नाही. राहिली उत्पन्नाची वाट. समजा, वर्षाला बारा मोठे सामने, प्रत्येकी चार लाख भाडं, म्हणजे ४८ लाख. वर छोटी भाडी, जाहिरातींचे फलक, दुकानांचे गाळे धरून आणखी ५० लाख. आणि गवत, दिवे, पंप, छताचं लोखंड, सुरक्षा, पगार यांवर दोन कोटी. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी धरले आहेत, पण चित्र साधारण असंच असतं. उत्पन्नाच्या हिशेबाने स्टेडियमची किंमत उणे निघते.

मग कुणी पैसे का देईल? दोनच कारणांसाठी. एक, खालची जमीन. मडगावसारख्या शहरात, बसस्थानकाजवळ, एवढा सलग तुकडा आता कुठे मिळतो? दोन, तारखा. कोणत्या दिवशी तिथे काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क. जमिनीचा वापर बदलायला तुम्ही कायमची मनाई केली तर पहिलं कारण संपतं. सगळ्या महत्त्वाच्या तारखा फुटबॉलसाठी राखल्या तर दुसरं संपतं. दोन्ही राखलं तर किंमत शून्याकडे जाते. दोन्ही सोडलं तर भरपूर पैसे येतील, पण मग तुम्ही स्टेडियम विकलेलं नसतं, मडगावातली जमीन विकलेली असते.

वेंबलीच्या व्यवहाराकडे या नजरेने पाहा. फुलम क्लबचे आणि अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक शाहिद खान यांनी एप्रिल २०१८ मध्ये साठ कोटी पौंड देऊ केले. बड्या आसनांचा आणि पाहुणचाराचा धंदा, ज्याला तिथे क्लब वेंबली म्हणतात, तो संघटनेने स्वतःकडेच ठेवायचा होता. त्याची किंमत तीस कोटी पौंड धरली होती. म्हणून बातम्यांत नव्वद कोटींचा व्यवहार असं यायचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भाट, म्हणजे माडांची बाग, विकायचं, पण ठरावीक माडांचे नारळ आपलेच. इंग्लंडचे सामने आणि एफए कपची अंतिम लढत तिथेच होईल, असंही आश्वासन होतं. एवढं राखून ठेवूनही साठ कोटी पौंड मिळत होते, ते कशाचे? नव्वद हजार आसनांचं लंडनमधलं मैदान, उन्हाळ्यातले संगीताचे मोठे जलसे, आणि जॅग्वार्सचे सामने तिथे भरवण्याची संधी. म्हणजे तारखाच.

हे स्टेडियम पुन्हा बांधायला सुमारे ७५ कोटी ७० लाख पौंड लागले होते आणि ते २००७ साली उघडलं. त्यातले सुमारे १६ कोटी पौंड सार्वजनिक होते, बहुतेक लॉटरीच्या निधीतून आलेले. त्यामुळे संघटना मालक असली तरी तिला एकटीला विकून मोकळं होता येत नव्हतं. ज्यांनी पैसा घातला त्यांचीही संमती लागणार होती. संसदेच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, संघटनेच्या कौन्सिलमध्ये ऑक्टोबरात मोठी चर्चा झाली, आणि मतदानाच्या आधीच, १७ ऑक्टोबर २०१८ रोजी, खान यांनी प्रस्ताव मागे घेतला. म्हणून वेंबली विकलं गेलं असा दाखला कुणी देऊ नये. प्रस्ताव आला होता, तो बारगळला. आणि ज्या संघटनेने तो विचारात घेतला, तिचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: पैसा खालच्या स्तरावरच्या मैदानांत घालू. हेतूत खोट नव्हती.

पण वेंबलीचा याहून बोलका दाखला जुना आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९२३ साली उघडलेलं जुनं वेंबली दशकानुदशकं खासगी मालकीचं होतं आणि त्याचा नेहमीचा धंदा कुत्र्यांच्या शर्यतींचा होता. १९६६चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. त्या स्पर्धेतला उरुग्वे विरुद्ध फ्रान्स हा सामना शुक्रवारी होता, आणि शुक्रवारी वेंबलीवर शर्यती असत. मालक शर्यती रद्द करायला तयार झाला नाही. विश्वचषकाचा तो सामना व्हाइट सिटी नावाच्या दुसऱ्या मैदानावर न्यावा लागला. मालकाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तारीख त्याची होती. मालकी म्हणजे काय असतं हे त्या एका शुक्रवारात पूर्ण दिसतं.

आता फातोर्ड्याला या. इथे आपली अडचण इंग्लंडपेक्षा वेगळी आहे, आणि विक्रीची चर्चा होते तेव्हा ती कुणी मांडताना मला दिसत नाही. तिकडे फुटबॉलचा मोसम थंडीत, आणि मैदानावरच्या जलशांचा मोसम उन्हाळ्यात. गवताला मधे सावरायला वेळ मिळतो आणि एकच वास्तू वर्षात दोनदा कमावते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचे. त्या चार महिन्यांत उघड्यावर कसला कार्यक्रम करणार? पाऊस सरला की ऑक्टोबरपासून फुटबॉल सुरू, आणि त्याच वेळी पर्यटकांचाही हंगाम. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात जो पैसा फिरतो तो बाकीच्या वर्षात फिरत नाही. म्हणजे खासगी मालकाच्या सर्वांत कमाईच्या रात्री आणि फुटबॉलच्या सर्वांत भरीच्या रात्री एकच. मैदानावर एक मोठा जलसा झाला की फळ्या, लोखंड, ट्रक यांनी दाबलेलं नैसर्गिक गवत पुन्हा उभं राहायला आठवडे लागू शकतात. मालकाने हिशेब मांडला तर फुटबॉल हरणार, आणि त्यात त्याच्या मनात खेळाविषयी आकस असायची गरज नाही.

२०२५चा ऑक्टोबर आठवा. १४ तारखेला आशिया चषकाच्या पात्रता फेरीत भारत-सिंगापूर फातोर्ड्यावर झाला. आपण १-२ हरलो आणि पात्रतेची आशा तिथेच संपली. पुढच्या आठवड्यात, २२ तारखेला, त्याच मैदानावर एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नस्र. एक राष्ट्रीय संघाचा, एक क्लबचा, दोन्ही आशियाई महासंघाच्या स्पर्धांचे. मैदान क्लबच्या मालकीचं असतं तर पहिल्या सामन्याच्या भाड्याची बोलणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला क्लबशी करावी लागली असती. मैदान तिसऱ्याच कुणाच्या मालकीचं असतं तर दोघांनाही त्याच्या दारी जावं लागलं असतं. आपल्या महासंघाकडे स्वतःचं वेंबली नाही. राष्ट्रीय संघ कोलकाता, गुवाहाटी, भुवनेश्वर, मडगाव असा फिरतो आणि राज्य सरकारांनी राखलेल्या मैदानांवर खेळतो. ही मैदानं सार्वजनिक आहेत म्हणूनच ते चालतं.

याच फातोर्ड्यावर २०१४चे लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांचे, खेळ झाले, २०१७चा सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, २०२२चा मुलींचाही झाला, आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्घाटनही. कोरोनाच्या काळात आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, सलग दोन अख्खे मोसम गोव्यात भरले, ते फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान मोकळं मिळालं म्हणून. खासगी मालकाने एवढ्या तारखा दिल्याच नसत्या असं मी म्हणत नाही. प्रत्येक तारखेचे पैसे घेतले असते, आणि ते सरकारलाच भरावे लागले असते. विकून आलेल्या रकमेतून ही भाडी वजा करायला लोक विसरतात.

आता त्या रकमेविषयी. तुमचा हेतू मला मनापासून पटतो. सुगी झाल्यावर शेतात गोल रोवून खेळणाऱ्या पोरांचा हा प्रदेश आहे, आणि गावच्या मैदानांची अवस्था पाहून मलाही वाईट वाटतं. पण एकदाच येणारा पैसा दरवर्षीच्या खर्चाला लावला की तो कुठे जातो ते मी कामात पाहिलेलं आहे. कृत्रिम हिरवळ घातली की आठ-दहा वर्षांनी ती बदलावी लागते. विक्रीच्या पैशातून तालुक्या-तालुक्याला हिरवळी घातल्या, तर दहा वर्षांनी हिरवळीही गेल्या आणि स्टेडियमही गेलं. विकायचंच ठरलं तर मुद्दल हात न लावता बाजूला ठेवायला हवं आणि व्याजच मैदानांवर खर्च करायला हवं. समजा शंभर कोटी आले आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सात कोटी. त्यातून महागाईसाठी साधारण निम्मं मागे टाकलं की हातात येतात तीन-चार कोटी. एवढ्यासाठी स्टेडियम विकावं लागतं का, की क्रीडा खात्याच्या अर्थसंकल्पात त्यांची तरतूद करता येते, हे आधी विचारा. मला दुसरं जास्त शक्य वाटतं.

तुम्ही म्हणाल, मग सरकारनेच चालवत राहायचं का? नाही. तोही मार्ग मला बरोबर वाटत नाही. दिवा बदलायला निविदा, पंप दुरुस्तीला निविदा, आणि खाऱ्या दमट हवेत लोखंड निविदेची वाट पाहत नाही. मालकी आणि चालवणं या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. जमीन आणि वास्तू सरकारची, चालवणारा खासगी, ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर, म्हणजे भाडेकरारावर. केंद्र सरकारने २०२१ साली राष्ट्रीय चलनीकरणाची जी सहा लाख कोटींची योजना जाहीर केली, तिच्यात स्टेडियमंही होती, आणि तिथेही मालकी सरकारकडे ठेवून वापराचा हक्क काही वर्षांसाठी देणं हेच सूत्र होतं.

पट्टा हा शब्द ऐकून मात्र निश्चिंत होऊ नका. पट्टा किती वर्षांचा आणि आत काय लिहिलंय, यावर सगळं आहे. इंग्लंडमधल्याच कॉव्हेंट्रीचं उदाहरण घ्या. तिथल्या स्टेडियमची जमीन नगरपालिकेचीच राहिली, पण २०१४ मध्ये चालवणारी कंपनी वास्प्स या रग्बी क्लबकडे गेली आणि पट्टा २५० वर्षांचा झाला. अडीचशे वर्षांचा पट्टा ही विक्रीच. पुढे भाड्यावरून बिनसलं आणि गावचा फुटबॉल क्लब, कॉव्हेंट्री सिटी, २०१९ पासून दोन मोसम बर्मिंगहॅमला जाऊन घरचे सामने खेळला. २०२२ मध्ये रग्बी क्लबच दिवाळखोरीत गेला. मालक बुडाला की मैदान त्याच्या धनकोंच्या हाती जातं, ही शक्यता आपल्याकडे कुणी लक्षात घेत नाही.

उलट टोक फ्रान्सचं. स्ताद द फ्रान्स सरकारचं, चालवायला १९९५ पासून तीस वर्षं खासगी कंपन्यांकडे. मुदत ठीक होती. पण तिथे एखादा मोठा क्लब कायम मुक्कामाला येईल असं करारात धरलं होतं. तो आला नाही, आणि त्यापोटी सरकारला चालवणाऱ्यांना अनेक वर्षं भरपाई मोजावी लागली. आपल्याकडे हा धोका जास्त आहे. आयएसएलचाच २०२५-२६चा मोसम, महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला २०१०चा व्यापारी करार संपत आल्यामुळे रखडला होता. ज्या लीगची पुढच्या वर्षाची खात्री नाही, तिचे सामने गृहीत धरून तीस वर्षांचा करार केला आणि सामने झाले नाहीत, तर त्याची तोशीस कुणी सोसायची? ती सरकारवर येणार नाही, हे करारात स्वच्छ लिहिलेलं हवं.

माझ्या मते फातोर्ड्यासारख्या ठिकाणी पंधरा ते वीस वर्षांचा पट्टा बरा. त्याहून कमी दिला तर चालवणारा छताला हात लावणार नाही. त्याहून जास्त दिला तर आजचे निर्णय आपल्या नातवंडांवर लादले जातात. आणि करारात भाड्याच्या आकड्याआधी तारखांचं परिशिष्ट यावं: राष्ट्रीय संघ, संतोष करंडक, गोवा प्रो लीगचे निवडक सामने, शाळांच्या अंतिम लढती, महिलांचे सामने, एवढे दिवस राखीव, जलशानंतर गवताला एवढे दिवस विश्रांती. ते परिशिष्ट लावून निविदा काढा. येणारी बोली कमी असेल. कमी येऊ द्या. त्या फरकात आपण काय राखलं आहे ते रुपयांत दिसतं, आणि ते विधानसभेत मांडता येतं.

क्लबनेच पट्टा घेतला तर माझं मत थोडं मऊ होतं. ज्याचे सामने त्यानेच गवत सांभाळावं, यात अर्थ आहे. स्कॉटलंडमध्ये हॅम्पडन पार्क हे राष्ट्रीय मैदान क्वीन्स पार्क या जुन्या क्लबचं होतं. वेंबलीची चर्चा चालू होती त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय संघटनेने ते पन्नास लाख पौंडांना विकत घ्यायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये घेतलं. म्हणजे क्लबकडून संघटनेकडे, नेमका उलटा प्रवास. क्लब आणि राष्ट्रीय मैदान एकत्र नांदू शकतात, पण दुसऱ्यांच्या तारखा कागदावर असाव्या लागतात. गोव्यात हे आणखी जपायला हवं, कारण इथे क्लब येतात आणि जातात. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग एकदमच आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडले, हे आपण पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही परिस्थितीवर अवलंबून आहे म्हणून मी तिच्यावर ठाम बोलत नाही. जमीन सरकारकडे कशी आली? संपादनाने आली असेल, तर ज्या सार्वजनिक कामासाठी घेतली ते काम सोडून ती खासगी माणसाला बोलणी करून देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७च्या केरळ सरकार विरुद्ध भास्करन पिल्लै या निकालात म्हटलं आहे की अशी उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला लावावी, नाहीतर जाहीर लिलाव करावा. कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, असेल तर प्रश्नच वेगळा. आणि जमीन बाह्य विकास आराखड्यात, म्हणजे शहराच्या जमीनवापराच्या नकाशात, कोणत्या वापराखाली दाखवली आहे, तो वापर बदलायला किती मोकळीक आहे, यावर खरेदीदाराचा सगळा उत्साह ठरतो. उद्या कुणी फातोर्ड्यासाठी अचानक मोठी रक्कम बोलू लागला, तर मी आधी त्याची फुटबॉलची आवड बघणार नाही, आराखड्यात काय बदल सुचवला जातोय ते बघेन.

तुम्हाला खरंच या विषयाच्या मागे लागायचं असेल, तर माहिती अधिकारात गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे तीन गोष्टी मागा: मागच्या पाच वर्षांची आरक्षणाची नोंदवही, दिवसानुसार आणि भाड्यासह, त्याच पाच वर्षांचा देखभालीचा खर्च, बाबवार, आणि जमीन ताब्यात कशी आली त्याचे कागद. नगर भूमापनाचा डी फॉर्म, म्हणजे शहरी जमिनीच्या हक्काचा उतारा, तुम्हाला वेगळा काढता येईल. नोंदवही आली की फुटबॉल, इतर खेळ, सरकारी कार्यक्रम, खासगी कार्यक्रम आणि रिकामे दिवस असे पाच रकाने करा आणि महिनावार भरा. रिकामे दिवस पावसाबाहेरचे किती, ते आधी मोजा. ते बरेच निघाले तर पट्ट्याच्या बाजूने तुमचा मुद्दा भक्कम आहे, आणि तारखांच्या परिशिष्टाचा कच्चा मसुदा करायला मी तुम्हाला मदत करेन.